बासष्ट अंश

नळी मिळाली कापडाच्या दुकानातून,
तागा संपल्यावर उरते ती, पुठ्ठ्याची.
पंख लग्नपत्रिकांचे, तीन-तीन चिकटवून.
एका पंखावर अर्धा गणपती,
दुसऱ्यावर ‘आमच्या मामाच्या लग्नाला’
आणि पुढचं कापलेलं.

मी प्रयोगशाळेत परिचर. परीक्षानळ्या धुतो.
सायसिंग पाडवी नि निमिषा गिरासे, नववी ब,
डब्याच्या सुट्टीत दार लोटून उभे:
बापू, तराजू पाहिजे, तो काचेच्या पेटीतला.
सरांना विचारा, म्हणालो.
सर म्हणाले, बापूंना विचारा.

नाक हलकं होतं.
दोऱ्याला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवलं
तर शेपूट पुढे, नाक मागे,
वरात उलटी चाललेली.
सायसिंगचा काका तापीत जाळं टाकतो,
त्याच्याकडून जाळ्याची दोन शिसं आली.
‘यांना फक्त बुडायचं ठाऊक,’ सायसिंग म्हणाला,
आणि नाकात कोंबली.
पुन्हा फिरवलं. आता नाक पुढे.
सात ग्रॅम, मी वहीत लिहिलं,
तीस वर्षांत त्या वहीतलं माझं पहिलं अक्षर.

लाल रंग ही माझी सूचना.
निळ्यावर लाल उठून दिसतं, म्हणालो मी.

रविवारी, नंदुरबारच्या बाहेर, पथारीमागचा माळ.
पडद्याची सळई जमिनीत ठोकली,
दारूची कांडी पोस्टाने आलेली,
बॅटरी निमिषाच्या वडिलांच्या गाडीची
(त्यांना वाटत होतं, ती चार्जिंगला दिलीय).
पहिल्यांदा बटण दाबलं: काही नाही.
वायर सुटली होती.
एक शेळी येऊन सळई हुंगून गेली.

माझं काम पन्नास मीटर लांब.
हातात कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट.
वर पोचलं की दोरा चिमटीत धरायचा, हलू द्यायचा नाही,
निमिषाने तीनदा बजावलं,
जसं मी तिला अॅसिडची बाटली बजावतो.

कोरं मांजरपाट एका झटक्यात फाडावं
तसा आवाज.
धुराची एक रेघ. रेघेला टोक.
टोकाच्या पुढे थोडं, काहीच नसलेलं,
मग फट्,
आणि युरियाच्या पिशवीची छत्री उघडली,
त्या उन्हात, एवढीशी.

बापू, किती?

दोरा माझ्या हाताखाली झुलत होता, मोकळा.
मी तो धरलाच नव्हता.
बासष्ट, म्हणालो.
साठ म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

फळ्यावर आठवडाभर राहिलं:
टॅन बासष्ट, गुणिले पन्नास, चौऱ्याण्णव मीटर.
साफ करू नका.
फळा मीच पुसतो.

पण ते नंतर. त्या दिवशी वारा उत्तरेचा,
छत्री पथारीवर जाऊन उतरली,
आणि तिथे पोचल्यावर मला माझी सूचना आठवली.
कुंपणापासून पार रस्त्यापर्यंत
मिरची वाळत पडलेली.
लाल. लालात लाल.
छत्री तुटून एका बाभळीला अडकलेली,
खाली काहीही असू शकत होतं.
आम्ही तिघं शिंकत शिंकत वाकून चालत होतो,
सायसिंगचे डोळे सुजले,
देठ खुडणाऱ्या बाया तोंडावरची फडकी सरकवून
हसायच्या, पुन्हा बांधायच्या.

बुधवारी जसोदाबाई शाळेच्या फाटकाशी आल्या,
पदराखाली काहीतरी.
‘बापू, हाई काय शे? इतली मोठी मिरची कोना वावरनी?’
नाक चेपलेलं. गणपतीचा पंख गेलेला.
शिसं जागच्या जागी.

आता ते कपाटात आहे, बेडकाच्या बरणीशेजारी.
कपाट उघडलं की अजून शिंक येते.
दुसऱ्याची नळी वाळतेय. या वेळी पांढरं.
कोनमापक पुन्हा माझ्याकडे,
‘बापूंचा हात हलत नाही.’

संध्याकाळी गच्चीवर सराव करतो,
समोरच्या मोबाईल टॉवरवर.
रोज एकेचाळीस येतं.
टॉवर कुठे जात नाही, तेवढीच अडचण.