खाल्लं मीठ

मुयनाकच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो,
म्हणजे एकतीस वर्षं समुद्र शिकवत आलो.
पाचवीला लाटा, सहावीला होड्या,
सातवीला मावळता सूर्य आणि पाण्यावर त्याचा तुटक तुटक पट्टा.
मी आठ वर्षांचा असताना समुद्र गावातून निघून गेला.
मुलांनी तो पाहिलाच नव्हता,
तरी मार्क मी द्यायचो.

सरबिनाझ तिसऱ्या बाकावर. बाप ट्रकवर, आई भट्टीत पाव भाजणारी.
समुद्राच्या तासाला तिनं उंट काढला:
वाळूत कलंडलेल्या बोटीच्या सावलीत,
डोळे मिटून रवंथ करत बसलेला,
जणू बोट त्याच्यासाठीच कुणी आणून ठेवली.
"आणि पाणी कुठाय?"
"उंटाच्या पोटात, सर."
वर्ग हसला. मी दहापैकी चार दिले.

ते चार अजून टोचतात.

कागद संपले की ती पत्र्यावर काढायची,
बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यातले डबे
उलगडून, ठोकून सपाट केलेले.
रंगाला पैसे कुठले? गंज होता.
बोटीच्या बुडाचा खरवडला तर विटकरी,
साखळीचा केशरी,
नांगराचा जवळजवळ जांभळा.
त्याच बोटींवर लपाछपी खेळून मी म्हातारा झालो,
मला गंज एकच माहीत होता.
पांढऱ्यासाठी तर तिला काहीच करावं लागायचं नाही.
वारा सुटला की चित्र उंबऱ्यात ठेवायची.
मीठ आपसूक येऊन बसायचं,
जसं बसतं पावावर, पापण्यांवर,
वाळत घातलेल्या दुपट्यांवर.

सतराव्या वर्षी ती ताश्कंदला गेली, कलाशाळेत.
पहिलं पत्र:
इथे झाडं फार आहेत, सर.
एका सावलीवर दुसरी पडते, कुठली कुणाची कळत नाही.
तुती गळून फुटपाथ माखलेत,
घुमट निळे, खरबुजं पिवळी,
सगळं आधीच कुणीतरी रंगवून ठेवलंय.
मी हात कुठे घालू?
दुसऱ्या पत्रात नुसता वसतिगृहाचा नवा पत्ता.
मग आठ महिने काही नाही.

मी म्हटलं, संपलं.
वाळवंटातलं झुडूप ते, जास्त पाण्यानं कुजलं.
मास्तरांना असल्या उपमा फार चटकन सुचतात.

मार्चमध्ये गुंडाळी आली, वर चिठ्ठी.
खिडकीखाली रस्त्याकडेचा पाट वाहतो.
खोलीतल्या फरगाण्याच्या मुलीला तो ऐकूच येत नाही,
जन्मापासून ऐकत आलीय.
मला मात्र झोप लागत नाही.
उठून बसते, कान देते.
हे पाणी आपल्याकडेच निघालंय, सर,
चालीवरून कळतं.
वाटेत कापूस लागतो, म्हणून पोचत नाही.

चित्रात रात्र. चिंचोळा, काळसर पाट,
तुतीच्या रसात बुडवलेल्या बोटांनी ओढलेला,
बोटांचे ठसे तसेच.
दोन्ही कडांना पांढरं काहीतरी खरखरीत.
दार लावून घेतलं आणि जिभेला लावून पाहिलं.
मीठ. पुडीतलं, दुकानातलं, पण मीठच.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते
आजवर मी फक्त कुत्र्यांबद्दल आणि नोकरांबद्दल ऐकलं होतं.

वर्गात लावलंय. पोरं म्हणतात, रस्ता आहे.
मी वाद घालत नाही.

या आठवड्यात पाचवीला लाटा शिकवल्या नाहीत.
खिडक्या उघडल्या आणि खुर्चीत बसून राहिलो.
वारा होताच. कोरे कागद आणखी कोरे होत गेले,
बाकं, दप्तरं, केस.
मुली कुरकुरल्या. फुंकर मारू नका, म्हटलं,
आणि पुढे काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं.
मागच्या बाकावरचा अल्लियार
केव्हाच बोटानं त्यात काहीतरी ओढायला लागला होता.
काय, ते मी विचारलं नाही.