नऊ नंबरचं रीळ

ढोल-पिपाणीचा शेवटचा पिक्चर
संकेश्वरला लागला तेव्हा
मी रिळांचा पोऱ्या होतो.
चौदा रिळं, एकच प्रिंट, दोन थेटरं :
आमची रेणुका टॉकीज, आणि पलीकडं गडहिंग्लज.
तिकडं फिरून झालेली रिळं पोत्यात घालायची,
कॅरेजला आवळायची
आणि दोन राज्यांच्या मधनं सायकल हाणायची,
हसू निवायच्या आत.
नाक्यावरचा पोलीस डबा ठोकून विचारायचा,
"येन ऐती इदराग?"
मी म्हणायचो, "ढोल्या हाय की, सायेब. निम्मा."

मॅटिनीला मिरचीच्या वखारीतल्या बायका.
दिवसभर देठं खुडून बोटं पेटलेली,
त्यामुळं हसून डोळ्यांत पाणी आलं
तरी पुसायची सोय नाही.
तोंडं वर करून बसायच्या रांगेनं
गाल आपोआप वाळेपर्यंत.
आई तिसऱ्या बाकावर, कडेला.
शेजारी तंगेव्वा. तिला मराठी निम्मं कळायचं
आणि न कळलेल्या निम्म्यावर
ती आईच्या आधी हसायची.

ढोल्या आजारी आहे, हे पेपरात येऊन गेलं होतं.
वर्षभर शूटिंग बंद, मग परत उभं केलेलं.
दहाव्या रिळात तो दारातनं आत येतो
आणि थेटर गप्प.
सदरा तोच, चौकड्यांचा. आत उशी.
उशी एका अंगाला सरकायची
आणि पिपाणी बोलता बोलता
मिठी मारल्यासारखं करून
ती सरळ करायचा.
हे कुणी लिहून दिलेलं नसणार.
आवाज तर दुसऱ्याच कुणाचा.
तंगेव्वा म्हणाली, "इवा अल्ल."
हा तो नव्हे.

दोन दिवस बायका अशाच उठून गेल्या,
कोरड्या डोळ्यांनी.

तिसऱ्या दिवशी हिटणीजवळ माझी चेन तुटली.
पोतं फाटलं, झाकणं उडाली,
पिक्चर रस्त्यावर गडगडत गेला,
एक रीळ तर उसाच्या सरीत.
मी सदऱ्यानं पुसून पुसून
हाताला येईल ते, येईल त्या डब्यात भरलं.
थेटरात शिट्ट्या. दस्तगीरचाचांनी बघितलं नाही,
लावलं.

आठव्यानंतर एकदम चौदावं.
ढोल्या बसमधनं हात हलवतो,
पिपाणी धुरळ्यात उभा,
आणि समाप्त.
बायका पदर झाडून उठल्या
तर पिक्चर पुढं चालूच.
"संपलं न्हवं? मग ह्यो परत कुठनं आला?"
"सुटला आसंल डाक्टरच्या हातनं," आई म्हणाली.
मग दहावं, अकरावं, ती उशी, तो उसना आवाज,
सगळं सोसलं लोकांनी.
आणि सगळ्यात शेवटी
चौदाच्या डब्यातनं निघालं
नववं.

आजाराच्या आधीचं.
तेच दार. दोघं बाज आत नेतायत,
आणि ढोल्या दारात अडकतो.
खऱ्या पोटानं.
पिपाणी मागनं रेटतो, पुढनं ओढतो,
तेल आणतो, म्हैस आणतो,
तो हलत नाही.
बाकं वाजायला लागली. कुणीतरी टोपी उडवली.
तंगेव्वा बाकावर उभी राहून ओरडली, "बंदा! बंदा!"
आला, आला.
तो अडकलेलाच असताना रीळ संपलं
आणि नुसता पांढरा पडदा,
त्याच्यावर धूळ नाचत असलेली.

चाचांनी मला एक थोबाडीत दिली.
चौथ्या दिवशी रिळं परत नीट लावायला घेतली,
नववं हातात धरून जरा वेळ उभे राहिले
आणि चौदाव्याच्या मागं ठेवलं.
मधला तुकडा कुठं गेला,
कुणी विचारलं नाही.

पण हे तिसऱ्या रात्रीचं सांगायचं राहिलं :
त्या गोंधळात आईनं डोळ्यांना हात लावला होता.
रात्रभर न्हाणीत बसून
पाणी मार, अजून मार, म्हणत कोकलत होती,
आणि मधेच, डोळे गच्च मिटून,
"म्हैस आणली रं त्यानं, म्हैस"
म्हणून परत हसायची.
मी तांब्या ओतत होतो.