वेटिंग शेड

पहिल्यांदा तिचं नाव मी
धक्क्यावरच्या गंजक्या पत्र्यावर रंगवलं:
'मानांग लुसिंग'. बास.
पैसे नव्हते, सुक्या मासळीची पिशवी दिली.
तेव्हा बरांगायच्या सभेत होती ती.
कुणाची डुकरं कुणाच्या भातात शिरली,
चिखलात उभी राहून तंटा मिटवायची.

मेयर झाली तसा
सेक्रेटरी म्हणाला, 'मानांग' खोड,
'ऑनरेबल' लिही. लांबलचक शब्द.
नाव बारीक करावं लागलं.

काँग्रेसच्या वेळी बापाचं आडनाव आलं, नवऱ्याचंही.
लुसिला सुमाकोते मागसिपोक.
मी शिडी चढत होतो, ती मनिलाला.
एकवीस वेटिंग शेड बांधल्या तिनं,
अक्षरं छपराहून मोठी.
पुलाचे दोन खांब झाले.
अजून दोनच आहेत, बगळे बसतात.

यंदा पडली. पुतण्याकडून.
त्यानंच मला पाठवलं,
आत्याचं पुसून त्याचं लिहायला.

'मागसिपोक' राहू दिलं. दोघांचं तेच.
'लुसिला'वर पांढरा हात मारत होतो
तर खाली ती, हातात पालेभाजी,
जीपनीची वाट बघत.
सर आली. ती इकडे सरकली, मग तिकडे.
"गळतंय की रे हे, तोतो."

"अकरा वर्षं झाली, मानांग."

तोंडातून गेलंच.
ती काही बोलली नाही.
भाजी बाकावर ठेवली
आणि शिडी हलत होती
ती धरली.