मिठाला जागणे

नर्स डिअर्ड्रीने स्क्रीन माझ्याकडे वळवला.
त्रेपन्न.
म्हटलं, वय माझं अठ्ठावन्न आहे.
हसली नाही ती.
म्हणाली, हा किडनीचा आकडा, मिस्टर कॅनविल्कर.
गेल्या वर्षी एकसष्ट होता.

पाणी किती पिता?
आता हिला कसं सांगू,
कॉव्हेंट्रीत सत्तावीस वर्षं बस चालवणारा माणूस
पाण्यालाच पाण्यात पाहतो.
अर्धी बाटली प्यायली की
प्रत्येक लाल सिग्नल वैरी होतो,
आणि शेवटच्या स्टॉपवरच्या संडासाला कुलूप.
किल्ली कुणाकडे, विचारू नये.

पाठ?
दुखते.
मग काय घेता?
त्या गुलाबी गोळ्या. सोळाचं पाकीट,
पाव-दुधासोबत बास्केटात येतं.
किती दिवस झाले?
मी बोटं मोजायला लागलो
तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

मीठ?
इथे मी खोटं बोललो.
म्हणालो, बेताचं.
आणि बाहेर गाडीत, पुढच्या सीटवर, माझा डबा:
वेंगुर्ल्याच्या बहिणीने पाठवलेली सुकट,
दोन तळलेल्या सांडगी मिरच्या,
लोणच्याची फोड, भाताला डाग पाडत बसलेली.
उशिराच्या शिफ्टनंतरचे चिप्स तर मी
जेवणात धरतच नाही.

दंडावरचा पट्टा फुगला, सुस्कारला.
एकशे बासष्ट, चौऱ्याण्णव.
पाणी हे एकटं कारण नव्हे, ती म्हणाली,
प्रेशर, गोळ्या, मीठ, दिवसभर बसणं,
सगळे एकाच बसमध्ये चढलेत.
गेलेलं बहुधा परत येत नाही.
उरलेलं सांभाळता येतं.

रात्री मोजे काढले.
घोट्यावर त्यांची वीण तशीच उठलेली,
बोटाने दाबलं तर खड्डा, हळूहळू भरणारा.
खाल्ल्या मिठाला जागावं, अण्णा म्हणायचे.
जागतोय, अण्णा.
पावणेदोन. साडेतीन. पाच.
अंधारात भिंत चाचपत, कुमुदची झोप न मोडता.

आणि त्या दोघी आत, पाठीशी,
मुठीएवढ्या,
अठ्ठावन्न वर्षं एकाच शिफ्टवर.
त्यांना युनियन नाही. बदली ड्रायव्हर नाही.
कधी बेल मारली नाही त्यांनी.

कुमुदने सुकटीचा डबा कपाटात वर ठेवला,
स्टुलाशिवाय हात पुरणार नाही असा.
मी रुसलो. दोन दिवस.

गुरुवारी भर दुपारी
अर्ध्या रस्त्यात, लायब्ररीपाशी, बस उभी केली.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
मागे वळून म्हटलं, पाच मिनिटं द्या,
मला जाऊन यायचंय.
मान वर करवत नव्हती.
ट्रॉलीवाली म्हातारी म्हणाली,
जा रे बाबा, आम्ही कुठे पळून चाललोय?

परत आलो तेव्हा कुणीच उतरलं नव्हतं.
सीटवर बसलो, बाटली उघडली,
आणि सगळ्यांदेखत
गटागटा प्यायलो.