शेवटच्या घरी

मे महिना. बाहेर शेहेचाळीस,
एम.आर.आय.च्या खोलीत अठरा.
डोमाजी धकाते, वय बासष्ट, तांडापेठ.
चांदीचा करदोडा काढून ठेवा, म्हटलं
तर म्हणाले, "चावी तर कवाच जमा केली, बाई."

तीस वर्षं महापालिकेच्या पाण्याची चावी,
लोखंडी, छातीइतकी उंच, खांद्यावर.
पहाटे चारला गोळीबार चौकातलं झाकण उचलून
डावीकडे अडीच फेरे,
की कन्हानचं पाणी बोळात शिरायचं.
कुणाकडे लगीन, कुणाकडे तेरवी
हे दारातल्या बांबूंवरून कळायचं त्यांना.
मागणी येण्याआधीच अर्धा फेरा जास्त.

यंत्राची ठकठक सुरू झाली.
"बापाचा माग असाच वाजे," आतून आवाज आला.
हलू नका, मी काचेमागून म्हटलं,
फक्त बोटं. अंगठा, तर्जनी. अंगठा, तर्जनी.

तेव्हा डोक्यात एक पेशी दुसरीला
ग्लुटामेटची चिमूट देते.
शेजारची चांदणीसारखी पेशी ते ऐकते,
तिचा एक पाय धमनीवर टेकलेलाच असतो.
नायट्रिक ऑक्साइड, घडीभर जगणारा वायू,
भिंतीतल्या स्नायूला सांगून जातो: सैल हो.
तहान लागेपर्यंत कुणी थांबत नाही.
हाक आधीच गेलेली असते.
रक्त येतं, दोनेक सेकंद उशिरा,
आणि लागतं त्याहून जास्त.
एवढं जास्त का, ते मला शिकवणाऱ्यांनाही
नीट सांगता आलं नव्हतं.

माझ्या पडद्यावर विचार दिसत नाही.
त्याच्या दारातली ओल दिसते, बस.

उजवा हात: रेघ चढली, उतरली.
डावा, मार्चमध्ये लुळा पडलेला:
बोटं हलली, जराशी. रेघ आडवी.
दोन सेकंद. चार.
मी पेन उचललं.
सहा. मग एक बारीक उंचवटा,
पाण्याआधी नळ फुसफुसतो तसा.

"आलं का?" बाहेर येताच त्यांनी विचारलं.
रिपोर्ट डॉक्टर सांगतील, म्हटलं.
"रिपोर्टाचं नाई इचारत जी.
शेवटच्या घरी पोचलं का?"

मला असं काही बोलायची परवानगी नाही.
उशिरा, म्हटलं. पण हो.

"मंग दाब कमी हाय," ते म्हणाले,
आणि ट्रेमधला करदोडा घ्यायला
डावाच हात पुढे केला.