राजदूत

आमच्या मांडव्यात राजदूत म्हणजे
ठेमस्कर कंपाउंडरची फटफटी,
टाकीचा रंग उडालेली,
चौथ्या किकला खोकणारी.

परवा भर दुपारी वॉर्सातून व्हिडिओ कॉल आला.
"दूतावासातून बोलतेय, तृतीय सचिव."
पंचफुला मावशी दचकली,
"कोनता भूतावास?"

पोराचा पासपोर्ट हरवला होता
तिकडच्या कुठल्याशा गोदामात.
मॅडमला ओळख पटवायची होती:
डाव्या भुवईवरचा व्रण कशाचा?

"बैलानं मारलं. पोयाच्या दिशी."
त्यांनी ते इंग्रजीत टिपून घेतलं,
मग थांबल्या.
"पोळ्याला? सजवलेला बैल मारतो?"
"सजवला म्हून काय झालं, बाई."
पलीकडे कुणीतरी हसलं,
बहुतेक त्यांच्याहून मोठ्या हुद्द्याचं.

शाळेच्या दाखल्याचा फोटो हवा होता
आणि रेंज गेली.
कंपाउंडरनं किक मारली,
मी मागे, दाखला बनियनच्या आत,
नाल्यातून, पऱ्हाट्यांच्या ढिगांमधून
टेकाडावरच्या मारुतीपर्यंत.
तिथं दोन कांड्या मिळतात,
वारा नसला तर तीन.

निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर आलं: "मिळालं.
राजदूत संध्याकाळी सही करतील."

कंपाउंडरनं वाचलं,
चटका देणाऱ्या टाकीवर हात ठेवला.
"संध्याकायपर्यंत कायले?"