पहाटे चारची नळी

रात्री दोनला मी बॅटरी खाली धरून तिच्याजवळ जाते.
उजेड डोळ्यांवर पडू नये, असं सूचनांमध्ये आहे,
म्हणून तो तिच्या कोपरावर पडतो.
बिन्तांडिंग सान्यांग. वय अंदाजे बहात्तर.
अंदाजे, कारण ती जन्मली त्या वर्षी टोळ आले होते
आणि गावात मोजायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"आता काय नेतेस?"
रक्त, आजी. थोडंसंच.
"संध्याकाळी नेलंस ते संपलं?"

मी समजावू बघते.
हाड म्हणजे दगड नव्हे, आजी, मातीचं घर समज.
आत दोन तऱ्हेचे मजूर: एक खणतात, दुसरे लिंपतात.
खणणाऱ्यांना जोर चढतो तो रात्री,
पोट रिकामं झालं, अंग आडवं झालं की.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणते, "म्हणजे उभा जन्म मी भाताच्या चिखलात
हाडं झिजवली,
आणि तू सांगतेस, ती झिजतात झोपेत?"
पलीकडच्या खाटेवरून तुंबुलू फिस्सकन हसते.
"मग आम्हाला झोपवता कशाला?"

माझ्याकडे उत्तर नाही.
माझ्याकडे बर्फाची पेटी आहे.

अशाच नळ्या शेनयांगमध्ये भरताहेत, म्हणे,
आणि इंग्लंडात, नॉर्विचजवळ,
जिथं उन्हाळ्यात रात्र धड होतच नाही.
डॉक्टरांनी एकदा तिन्हींच्या रेघा एकाच कागदावर दाखवल्या:
तीन टेकड्या,
तिन्हींचा माथा पहाटेकडे,
एक उंच, एक बसकी, एक जराशी उशिरा उठणारी.
यातली आमची कुठली, मी विचारलं.
ते म्हणाले, इतक्यात काही सांगता येणार नाही.

दूध हिने शेवटचं कधी प्यायलं, तिला आठवत नाही.
सुकी मासळी, बाओबाबचा पाला, भुईमुगाचं कालवण.
हिशेबाने हिची कंबर केव्हाच मोडायला हवी होती.
ती अजून डोक्यावरून लाकडं आणते.
आणि तिकडे, ऐकते, दूध दारात येतं
नि म्हाताऱ्या न्हाणीघरात घसरून मोडतात.
हे कोडं हाडात आहे की उन्हात की चालण्यात,
यावर माझा सहा महिन्यांचा पगार चालतो.

लघवीचा डबा मात्र ती स्वतःच आणून देते,
दोन्ही हातांनी, आहेर द्यावा तसा.
"हेही विमानानं जाणार?"
जाणार.
"मी बांजुलच्या पुढे गेले नाही कधी.
माझं मूत साहेब झालं की गं!"

चारच्या सुमाराला जनरेटर थांबतो.
शेळ्या गप्प. नदीकडून चिखलाचा वास.
ही माझी नववी रात्रपाळी.
माझ्या आत आत्ता कोण कामावर आहे, कुणास ठाऊक;
मजुरांनाही कळेनासं झालं असेल, ही पाळी कुठली.
तिसरं पोटात आहे.
तेही माझ्याच भिंतीतून माती नेतं, असं शिकवलंय आम्हाला.
हे फॉर्मवर नाही. फॉर्म माझा नाही.

सुई आत जाते. ती हलत नाही.
डोळे मिटूनच विचारते, "काही खाल्लंस का?"

सकाळपर्यंत उपाशी राहायचंय तिला,
आणि विचारते ती मला.
उशाखालून फडकं काढते. भाजलेल्या शेंगा, मूठभर.
"उद्यासाठी ठेवल्या होत्या. घे.
माझ्यापेक्षा तुझ्या घरात खणणारे जास्त."

मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वेळ लिहिते: चार वाजून सहा मिनिटं.
'शेरा' या रकान्यात रेघ मारते.
मग पायरीवर बसून एकेक शेंग फोडते,
बोटांनी, हळू,
आतल्यांची झोप मोडू नये म्हणून,
आणि टरफलं खिशात ठेवते.